हरलेला वळू कुणाचा?

कर्मचाऱ्यांत कामाची उमेद कशी आणायची, हे शिकवायला मागं आम्हा कारकुनांना नांदेडला बोलावलं होतं. पडद्यावर गरजांचा त्रिकोण दाखवला. तळाला पोट, शेंड्याकडं मानसन्मान; पोट भरलं की माणूस मानासाठी राबतो म्हणे. शिकवणारा पोरगा चुणचुणीत होता बिचारा, पण जेवण झाल्यावर निम्मा हॉल पेंगत होता, आणि त्यात मी पहिला. असल्या त्रिकोणांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मी देवणीकडच्या एका गुरांच्या केंद्रात कारकून. नाव कशाला सांगू. तिथं जातिवंत वळू सांभाळतात आणि दरसाल प्रदर्शनात उतरवतात. रिवाज असा, की वळू जिंकला तर तो साहेबांचा, फोटोत कासरा साहेबांच्या हातात. हरला तर सांभाळणाऱ्या गड्याचा. माझ्या सगळ्या नोकरीत यात कधी फरक पडला नव्हता.

आमच्या थोरल्या वळूला सांभाळणारे मामा याच गोष्टीला विटले होते. त्यांनी लातूरच्या ऑफिसात शिपाई म्हणून बदली मागितली. "पंख्याखाली बसावं, शिव्या तरी कमी," म्हणाले. ते गेले असते तर आमची लई पंचाईत होती, कारण तो वळू दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नव्हता. तेव्हा केंद्राच्या प्रमुख म्हणून मॅडम नुकत्याच रुजू झालेल्या, मामांच्या लेकीच्या वयाच्या. मी सुचवलं, अर्ज दाबून ठेवा. त्या म्हणाल्या, "अडवून ठेवलेला माणूस मनापासून काय काम करणार?" आणि मामांना शब्द दिला, एवढं प्रदर्शन होऊ द्या, दुसऱ्या दिवशी सही करते.

प्रदर्शनात ऐन वेळी ताशा कडाडला. वळू बिथरला आणि मामांना फरफटत रिंगणाबाहेर घेऊन गेला. नंबर तर गेलाच. मंचावरून आमच्या खात्याचे बडे साहेब तणतणत खाली आले. "कुणाकडं आहे हा वळू?" मामांनी सवयीनं मान खाली घातली. अंगावरची मातीसुद्धा झटकली नव्हती.

मॅडम मधे येऊन उभ्या राहिल्या. "माझ्याकडं, सर. आज उतरवायचं मी ठरवलं. बोलायचं ते मला बोला."

आणि साहेब बोलले हो, चारचौघांत, तोंडाला येईल ते. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मामांकडं बोट दाखवणं सोडा, नजरसुद्धा वळवली नाही. खरं सांगतो, आपल्या ऑफिसचा एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता. नांदेडच्या त्या पोराचं म्हणणं मला तिथं उभ्या उभ्या पटलं.

परतताना टेम्पोत मामा वळूच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

सकाळी मॅडमनी अर्जावर सही करून कागद माझ्याकडं दिला. "मामांना द्या. कबूल केलं होतं." थांबा म्हणाल्या नाहीत, गोड बोलल्या नाहीत. मी गोठ्यात जाऊन कागद दिला. मामांनी हात पुसले, सही निरखून बघितली, घडी घातली आणि ती माझ्याच खिशात कोंबली.

"भाऊसाहेब, तुमच्यापाशीच राहू द्या," म्हणाले. "म्याडमची बदली झाली की काढू."