खालची खोली

बातमी आली तेव्हा इथे ओमानमध्ये, रुवीत लख्ख ऊन होतं. शनिवारची दुपार, मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होतो. फोनवरचा माणूस "वादी आया साब, वादी आया" एवढंच म्हणत राहिला. डोंगरात पाऊस झाला की कोरड्या नदीतून, म्हणजे वादीतून, पाण्याचा लोंढा खाली येतो... गावात तेव्हा थेंबही पडलेला नसतो. सोळा वर्षांपासूनचा माझा मित्र अविनाश अशाच एका गावात वादीकाठच्या खोलीत जेवून आडवा झाला होता. तो परत उठला नाही. दीड महिना झाला.

अव्या सर्व्हेअर. निवृत्तीनंतर ग्वाटेमाला, होंडुरास, निकाराग्वाच्या आडगावांत साध्या खोल्या शोधत हिंडायचं, हे त्याचं वेड. ओमान ही त्याची तालीम. हॉटेल नसलेल्या गावात गाडी थांबवायची, किराणावाल्याला विचारायचं आणि कुणाच्या तरी गोदामावरची, शेळ्यांच्या शेजारची खोली मिळवायची. मागून बॅग घेऊन कुरकुरणारा मी. खोलीत शिरल्यावर तो पलंग, पंखा, संडास काही बघत नसे. आधी भिंत बघे. जुन्या पुराची मातकट रेघ शोधे आणि राखणदाराला विचारी, "पानी किधर तक आया था?" रेघ गुडघ्याएवढी असली तर गच्चीवर झोपे. आणि नव्याने रंगवलेली भिंत दिसली की बॅग उचले. "ताजा रंग दिलाय म्हणजे काहीतरी झाकलंय, शिऱ्या. चल." त्यापायी एकदा आम्ही थंडगार खोली सोडून गाडीत झोपलो. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

सूर शहराच्या वाटेवरच्या त्या गावात आधी मी जाऊन आलो होतो, बायकामुलांना घेऊन. पांढऱ्याशुभ्र भिंती, रंगाचा वास अजून येत होता. परतल्यावर अव्याला म्हटलं, "वरची खोली तापते. खालची घे."

"भिंत पाहिलीस?"

"पाहिली. एक डाग नाही."

रंगाचं मी बोललो नाही. बोललो असतो तर तो गेलाच नसता, आणि एकदा तरी त्याने मी शोधलेल्या खोलीत राहावं असं मला फार वाटत होतं. तो सहा महिन्यांनी तिथे राहायला गेला. तोवर वास उडाला असेल, भिंतींवर धूळ बसली असेल. वहिनींना, अव्याच्या बायकोला, हे मी इथे लिहूनच पहिल्यांदा सांगतोय. समोर बसून सांगायचं धैर्य झालं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी अव्याची निळी वही माझ्या हातात ठेवली. "मी वाचलीय," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. वहीवर मोठ्या अक्षरांत 'निकाराग्वा'. आत ओमानमधली गावं, प्रत्येकापुढे खोलीचं वर्णन आणि शेवटी पाणी कुठवर आलं होतं त्याचा रकाना. घोटा. गुडघा. गुडघा. कंबर, राहू नये. शेवटच्या पानावर त्या गावाचं नाव आहे. पाण्याच्या रकान्यात त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलंय, 'शिऱ्याने पाहिलंय.'