मिस ओझेलांचा हिरवा पट्टा

मिस ओझेला टार्व्हर यांच्या घरात हिरवं काही टिकत नसे. अलाबामातल्या त्या गावात त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. नकाशातली जंगलंही नाइलाजानेच रंगवली असतील. कॉलेजात त्या लाल रंगाच्या भगिनीसंघात, म्हणजे मुलींच्या जन्मभर टिकणाऱ्या संघटनेत, शिरल्या आणि गुलाबी-हिरव्या संघाशी त्यांचं तेव्हापासून जे वाकडं आलं, ते आलंच. लाल संघाचं चिन्ह हत्ती, म्हणून फळीवर सोंड उंचावलेल्या हत्तींची पलटण दाराकडे तोंड करून उभी.

अशा घरात, शस्त्रक्रियेने बसवलेल्या नव्या गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट जनेल आली, ती आपल्या संघाची खूण म्हणून करंगळी उंचावूनच. पोरगी गुलाबी-हिरव्यांतली!

"आधीच सांगते, मिस ओझेला. आमचा संघ सगळ्यांत पहिला निघाला."

"पहिला पॅनकेक तव्याला चिकटतोच, पोरी. लाग कामाला."

काम मोठं होतं. ऑक्टोबरात कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. तिथे प्रत्येक संघाच्या बायका संघात शिरताना लागलेल्या आपापल्या जुन्या रांगेत, त्याच क्रमाने, ताल धरून नाचत मैदान पार करतात. ओझेलांची जागा शेवटची, शेपटाची. गुडघ्याचं कळल्यावर मैत्रिणींनी प्रेमाने निरोप धाडला, 'तुला खुर्ची ठेवतो, बसून हात हलव.' शस्त्रक्रिया परवडली, असं बाईंना झालं.

"शेपटाशिवाय हत्ती पाहिलायस कधी?" त्यांनी जनेललाच विचारलं.

व्यायाम लाल रबरी पट्ट्यावर सुरू झाला. पाय ताणताना मिस ओझेला चर्चमधली भजनं म्हणत. सूर मात्र शिव्यांचा. लाल सोपा झाला तसा जनेलने पुढचा, जास्त ताठ पट्टा काढला. हिरवागार.

"हा माझ्या पायाला लागणार नाही."

"रंग कंपनीने ठरवलाय."

"कंपनीत तुमच्यातलीच कुणीतरी असणार."

"आणि कोलार्डची हिरवी पालेभाजी खाता ती?"

"काळी पडेपर्यंत शिजवते."

बाईंनी दोन लाल पट्टे एकत्र बांधले. गाठ सुटली आणि फळीवरच्या एका हत्तीची सोंड उडाली. जनेल हसली नाही. त्यासाठी तिला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"हिरव्याशिवाय मैदान नाही, मिस ओझेला. खुर्ची आहेच."

खुर्चीचं नाव वर्मी लागलं. पुढच्या खेपेला हिरवा पट्टा चुण्याचुण्यांच्या लाल खोळीत शिवलेला होता. "आता बोल," बाई म्हणाल्या आणि पाय ताणला.

मेळाव्यात अर्धं मैदान पार झालं आणि गुडघा अडला. रांग पुढे सरकली, शेपूट मागे राहिलं. कुणीतरी खुर्ची उचललीच. दुसऱ्या संघाच्या रांगेत पाऊल टाकणं म्हणजे महापाप, म्हणून जनेल दोरीबाहेरूनच ओरडली, "खोळ आठवा! ताणा... सोडा! ताणा... सोडा!"

मिस ओझेलांनी दात आवळले, पाय ओढला, पुन्हा ओढला, ताल पकडला आणि पलीकडे आपल्या जागेवर, सगळ्यांच्या शेवटी, जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आणा आता ती खुर्ची."

बसल्यावर त्यांनी जनेलला हाक मारली. "पाणी आण, पोरी. आणि करंगळी खाली ठेव, सांडशील."