मी 'कोरडं' लिहिलेलं गाव

वादळ कोकणात येऊन गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी चिंचवडला लख्ख ऊन पडलं होतं. ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या सोसायटीत वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या... आणि माझ्या स्क्रीनवर सगळा किनारा काळाकुट्ट.

मी सॅटेलाइटच्या रडारची चित्रं बघून पुराचे नकाशे करते. साधा कॅमेरा ढगांपुढे हात टेकतो, रडार मात्र ढगांतूनही खालचं बघतं. सपाट पाण्यावर पडलेला त्याचा किरण घसरून पुढे निघून जातो, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. घरं, पत्रे, गाड्या पांढऱ्या.

ही चित्रं पहिल्यांदा बघणारा जरा बिचकतोच. रंग नाही, आवाज नाही, माणूस तर नाहीच नाही... मला त्याची सवय झालीय, असं मला वाटत होतं.

माझा डोळा तयार झाला तो चाकणवर. शिकत असताना रोज आपलाच पट्टा बघायचे... कंपन्यांच्या शेडचे पत्रे, यार्डात रांगेनं उभ्या नव्याकोऱ्या गाड्या, सगळं पांढरंशुभ्र. त्यामुळे पांढरं दिसलं की मी मनात म्हणायचे, चला, पत्रे आहेत, सगळं ठीक.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी गावांची यादी करून टाकली. एकेका गावापुढे 'बुडालेलं' किंवा 'कोरडं'. यादी कंट्रोल रूमला गेली, बोटी कुठे पाठवायच्या ते त्यावरून ठरणार होतं.

दोनच्या सुमाराला सुहासचा फोन आला. आम्ही चाकणजवळ कुरुळीला भाड्यानं राहायचो तेव्हा हा शेजारच्या खोलीत होता. मूळचा कोकणातला, चाकणच्या एका कंपनीत कामाला.

"ताई, आय येकटीच हाय घरात. कालपासनं फोन लागत न्हाय. गावात पाणी भरला काय ओ?"

गावाचं नाव विचारलं आणि चित्र उघडलं. खाडीच्या कडेला चहूकडे काळं, मधे गाव पांढरंशुभ्र. माडांच्या बागेपलीकडे, अगदी टोकाला, एकच पांढरा ठिपका... त्यानं सांगितलेल्या खुणांवरून तेच त्याचं घर.

"अरे, कोरडं आहे तुमचं गाव. पाणी शेतात आहे, घरं ठीक आहेत. जा निवांत शिफ्टला!"

त्यानं सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला. "पाडव्याला पत्रे नवीन टाकले ना ताई, म्हणून वाचला बगा घर." एवढं बोलून तो कंपनीत आत गेला. त्यांचे फोन गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावे लागतात, म्हणजे सात वाजता जेवणाची सुट्टी होईपर्यंत त्याच्याशी संपर्क नाही.

मी खुशीत चहा घेतला. पण ते पत्रे डोक्यात घोळत राहिले. पाडव्याला टाकले असतील तर वादळाआधीच्या चित्रातही ते असेच चमकायला हवेत... सहज म्हणून वादळाच्या काही दिवस आधीचं चित्र उघडलं.

गाव राखाडी होतं. तीच घरं, तेच पत्रे, आणि टोकाचा ठिपका तर जेमतेम दिसत होता.

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. पाण्यात भिंत उभी असली की किरण पाण्यावरून भिंतीवर आदळतो आणि थेट माघारी येतो, म्हणून अशी भिंत कोरड्या पत्र्यांपेक्षाही जास्त चमकते. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते!

गाव पांढरं होतं कारण घराघराच्या भिंतींना पाणी लागलं होतं. आणि ते जितकं उजळ दिसलं, तितकी मी निर्धास्त झाले होते.

कंट्रोल रूमला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्याच यादीत कोरडं लिहिलंय."

"लिहिलंय, पण चुकलंय. चूक माझी आहे. प्लीज, आधी तिकडे बोट पाठवा."

मग बाकीची सगळी 'कोरडी' गावं पुन्हा तपासली. आणखी दोन बुडालेली निघाली, तीही कळवली. त्यानंतर करण्यासारखं काहीच उरलं नाही.

स्क्रीनवर तो ठिपका तसाच होता. चित्र पहाटेचं... पहाटे ती बाई त्या ठिपक्यात होती. मी तिच्यावर बोट ठेवून 'कोरडं' लिहिलं होतं. आता ती आहे की नाही, हे चित्र सांगत नव्हतं, आणि सात वाजता सुहास फोन करणार होता.

शेजारी कुणीतरी मोबाइलवर काहीतरी बघून हसत होतं. मला ते हसणं फार लांबून आल्यासारखं वाटत होतं. इतकी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती.

सव्वासहाला कंट्रोल रूमचा फोन आला. शेवटच्या घरात एक आजी सापडल्या, माळ्यावर बसून होत्या, बऱ्या आहेत. ऑफिसात सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.

सात वाजून गेल्यावर सुहासचा फोन आला. "बोटवाल्याच्या फोनवरनं आयशी बोललो, ताई! पण तुमी तर कोरडा म्हणालात..."

"चुकले रे. फार मोठी चूक झाली."

तो म्हणाला, "आय सांगते, पहाटेपासनं हाका मारत व्हती. कोन न्हाय आला." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी त्याच भागाचं नवीन चित्र आलं. पाणी ओसरून गाव पुन्हा राखाडी झालं होतं. टोकाचा ठिपका मी झूम करकरून शोधला... सापडलाच नाही.

त्या ओळखू न येणाऱ्या राखाडी जागेला मी स्क्रीनसमोर बसल्या बसल्या हात जोडले.