डबक्यातलं काळं आणि पंडित ऑपरेटर

चोपड्याच्या टॉकीजमध्ये पंडित ऑपरेटर होता, तेव्हाची ही हकीकत. माणूस सातवी नापास, जमीन नाही, जुमला नाही; पण मशीनच्या खोलीत उभं राहून त्याने इतके पिक्चर पाहिले होते, की गावात पिक्चरवरून वाद पेटला की निवाडा त्याच्याकडेच यायचा. "पंडितभाऊ म्हणतो ना, मग बस!" असं लोक म्हणत. त्याची मिळकत काय ती एवढीच, आणि तिला तो फार जपायचा.

त्र्याण्णव साली एक इंग्रजी पिक्चर चार आठवडे चालला. नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला डबक्याचा पिक्चर म्हणू लागले. त्यात आभाळातून एक यान शेतात पडतं, त्यातून काळं, दाट काहीतरी सांडतं आणि त्याचं डबकं होतं. ते भिंत चढतं. शिवेल तो तीन दिवस झोपतो. मग वरून दुसरी यानं येतात, डबक्याभोवती घिरट्या घालतात, आणि शेवटी पलटण त्यांना तोफांनी उडवते. त्या वेळी चोपड्यात शिट्ट्यांनी पत्रे हादरायचे.

पण ते काळं होतं तरी काय? टॉकीजसमोर भागाबाईची चहाची गाडी होती. तिथे यावर खूप डोकेफोड चालली. झुलाल आबा केळीचे बागाईतदार. ते ठासून सांगायचे, "केयीना चीक शे तो! तठली केयी वेगळी. आंगवर पडना म्हंजे जलमभर डाग जात नही." किराणावाले माणकचंद शेठ म्हणायचे, ते इंधन. "एवढं भाडं भरून इतक्या लांबून चिखल न्यायला कोण येईल?" भागाबाईला तर पिक्चर न पाहताच ठाऊक होतं, की ते करणीचं काजळ आहे. शेवटी पंडितने निकाल दिला: ते भुलीचं औषध. आबा कुरकुरले, पण पिक्चर साठ-सत्तर वेळा पाहिलेल्या माणसापुढे काय बोलणार!

मंडळींना एक गोष्ट माहीत नव्हती. सव्वाआठची एसटी चुकली, की खेड्यावरचा माणूस पुन्हा टॉकीजची पायरी चढत नाही. म्हणून मालकाचा हुकूमच होता: पिक्चर लांबलचक असला, तर पहिल्या खेळाआधी रीळ उजेडात धरायचं, माणसं टेबलाभोवती बसून नुसती बोलताना दिसतील तो तुकडा काढायचा, आणि पेटी परत पाठवताना इमानाने जोडून द्यायचा. डबक्याच्या पिक्चरमधून पंडितने अशी सहा मिनिटं काढली होती. इंग्रजी बोलणं, कळणार कुणाला?

पंच्याण्णवला तो मशीनचं सामान आणायला जळगावला गेला. तिथे तोच पिक्चर हिंदीत लागलेला. पंडित हौसेने तिकीट काढून बसला, आणि ती सहा मिनिटं आली. टेबलाशी बसलेला म्हातारा शास्त्रज्ञ सांगत होता, हे इंधन नाही, औषध नाही. ही त्यांची मेलेली माणसं आहेत. मेल्यावर ती अशी वितळतात. वरची यानं लढायला आलेली नाहीत, आपलं मढं न्यायला आली आहेत.

पुढे तोफा उडाल्या, तेव्हा जळगावात एकही शिट्टी वाजली नाही. शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. पंडितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार आठवडे आख्ख्या चोपड्याने मयताला आलेल्यांवर शिट्ट्या मारल्या होत्या, आणि त्या त्याच्या कात्रीने मारायला लावल्या होत्या.

गप्प बसला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण दुसऱ्याच दिवशी त्याने भागाबाईच्या गाडीवर सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तू पिक्चर कापी टाका?" आबा कप खाली ठेवत म्हणाले. "आनि दोन वरीस आमले औषध सांगत ऱ्हायना?"

"व्हय आबा, चुकनू मी. पन आते सांगस ते खरं शे."

"काल औषध होतं, आज मढं झालं," माणकचंद शेठ म्हणाले. "उद्या काय?"

"जो पिक्चर कापस, तो पदरनी गोष्ट जोडस बी," आबा म्हणाले आणि उठले.

पंडितने जळगावला जाऊन बघा म्हणून हात जोडले. भटू ट्रॅक्टरवाला गेलाही. तोवर तिथला पिक्चर उतरला होता.

आठवड्याभरात वाद पुन्हा रंगला, चीक की इंधन. पंडित रोज यायचा, चहा घेऊन बाकाच्या टोकाला बसायचा. खरं काय ते ठाऊक असलेला तिथे तो एकटाच होता, आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.