जऊळक्याची बहीण

आसेगावात गोजराबाईंसारखी तोंडाळ बाई शोधून सापडायची नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं खिचडी शिजवली, अर्धं गाव त्यांच्या हातचं खाऊन मोठं झालं. म्हणून सरपंचालाही त्या 'अरे'च म्हणतात. घाबरतात त्या फक्त पोलिसाला. त्यांच्या तरणेपणी दिराचं नाव कुणीतरी शिपायाला सांगितलं, अन् काही गुन्हा नसताना तो पंधरा दिवस आत बसला. तेव्हापासून सासऱ्यानं घरात नियमच केला: पोलीस कुणाला विचारत आला, की असा माणूस इथं नाही म्हणायचं.

त्यांचा मुलगा प्रज्वल नागपूरला पाली शिकायला गेला, अन् तिथंच शिकायला आलेली थायलंडची माली सून होऊन घरी आली. आता तिला नववा महिना, म्हणून तिची आईही बाळंतपणासाठी विमानानं येऊन पोचली. नाव सोमजाई. "नाव तं आपल्यातलंच हाय की!" म्हणत गोजराबाई खूश. एकीची बोली दुसरीला कळेना. पण सकाळी दोघी बुद्धवंदनेला बसल्या, की चाल वेगळी अन् पाली शब्द तेच. पुढं दिवसभर ठेच्यात लसूण किती, यावरून हातवारे चालायचे.

घोर एकच. सोमजाईंचा व्हिसा दहा दिवसांत संपत होता, अन् डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती तीन आठवड्यांनंतरची. पोरगी अडलेली अन् माय विमानात? मालीच्या डोळ्यांचं पाणी खळेना. प्रज्वलनं मुदत वाढवून मागायचा अर्ज केला. पुढं काय होतं, ते आईला सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही. शिकलेल्या पोरांचं हे असंच!

बुधवारी तो मालीला तपासायला मंगरूळपीरला घेऊन गेला, अन् इकडं दारात पोलीस ठाण्याच्या अमरसिंग जमादारांची फटफटी थांबली.

"इथं परदेशी बाई राह्यते म्हणे?"

गोजराबाईंना वाटलं, घेऊन चालले इहिनीले! सोमजाई ओसरीवर, उकाड्यापायी गोजराबाईंचंच सुती लुगडं नेसून, लसूण सोलत होत्या.

"परदेशी? आमच्या घरी? कायबी बोलता! हे माई बहीण व्हय, जऊळक्याची. बिचारी मुकी हाय."

सोमजाईंनी गोड हसून हात जोडले. जमादारांनी वहीत काहीतरी लिहिलं अन् निघून गेले. गोजराबाईंनी विहिणीच्या पाठीवर थाप मारली, "वाचवलं तुले!"

तेवढ्यात प्रज्वलचा फोन. "आई, आज पोलीस येतीन. मालीची माय इथंच राह्यते, एवढं त्यायले सांगजो. त्यायनं लिहून देलं का मुदत वाढते."

"अन् नाही म्हटलं तं?"

"तं अर्ज बाद. काहून?"

आता बोला! गोजराबाईंनी फोन टाकला. एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात विहीण, अन् भर उन्हात फाट्याकडं धूम. जमादार तिथल्या हॉटेलात चहा पीत बसले होते.

"साहेब, मी खोटं बोलली! हेच ते परदेशी बाई. मले वाटलं, तुमी तिले न्याले आले. ते वहीतलं खोडा ना! पोरीले लेकरू व्हाचं हाय, तिची माय तिच्यापासी पाह्यजे." बोलता बोलता त्यांना रडूच फुटलं. सोमजाईंना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी लुगड्याच्या पदरानं गोजराबाईंचे डोळे पुसले.

जमादारांनी पासपोर्टावरचा फोटो पाहिला, मग लुगड्यातल्या बाईकडं पाहिलं. "मुकी हाय म्हणे?"

"मुकी नाही. तिची बोली मलेच समजत नाही."

"अन् बहीण?"

गोजराबाई ताठ झाल्या. "बहीण खरी हाय, साहेब. जऊळक्याची, तेवढं खोटं."

जमादारांना हसू आवरेना. त्यांनी वहीतलं 'जऊळका' खोडलं, वर 'आसेगाव' लिहिलं अन् शेजारी पासपोर्टाचा नंबर टिपला.

मुदत मिळाली, तीन आठवड्यांनी नातही झाली. तिला पहिलं न्हाऊ घालताना पाणी किती कढत हवं, यावरून दोघी बहिणी कडकडून भांडल्या. एक थाईत, एक वऱ्हाडीत. अन् एकीचा शब्द न् शब्द दुसरीला कळला.