पेटका आणि कळ

अनसाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसून स्वतःच्याच पोटरीवर मुठी हाणत होती. रडत नव्हती, शिव्या देत होती. त्या शिव्या पायाला नव्हत्या, मुकादमाला होत्या.

पिंपरीजवळ तेव्हा एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. ठेकेदाराने तिथेच पत्र्याच्या खोलीत दवाखाना काढला होता. एक डॉक्टर आणि एक नर्स. ती नर्स मी. बावीस वर्षांची, नुकती शिकून आलेली. वैशाखाच्या उन्हात खडी-चुन्याची घमेली वाहणाऱ्यांना पेटके येत. घामावाटे अंगातलं मीठ जातं आणि पोटऱ्या, बोटं, पोटसुद्धा दगडासारखं आखडतं. गवंडी आला की डॉक्टर त्याला मीठपाणी पाजत, सावलीत निजवत, अर्ध्या दिवसाची रजा देत. बाई आली की म्हणत, "पोरं काढलीस ना? मग हे काय आहे तुला!" आणि ती परत घमेल्याकडे.

त्या दिवशी डॉक्टर जेवायला गेले होते, म्हणून ते मी म्हटलं. अगदी त्यांच्याच सुरात. "बाळंतपणाच्या कळांपुढे पेटका म्हणजे काय हो, बाई?"

तिच्या मुठी थांबल्या. "तुला किती पोरं?"

"माझं लग्न नाही झालं."

"मग तुला कुनी सांगितलं? मला पाच झाली, दोन गेली. मी सांगते, ऐक. कळ येती, जाती, मधी दम खाऊ देती. पेटका धरला की सोडीत न्हाई. आन् कळंच्या शेवटाला हातात लेकरू येतं. ह्याच्या शेवटाला काय येतं? मुकादम!" मग पाय पुढे करून म्हणाली, "बायकांना सोसायची सवय असती म्हनं. सवय न्हाई, नाइलाज हाय. दाब आता."

मी पोटरी दाबली.

ती थेरगावची. विहीर आटली की शेतातलं काम संपे आणि ती मजुरीला येई. आवाज कधी खाली आणत नसे. "हळू बोललेलं कुनाला ऐकू गेलंय?" हे तिचं नेहमीचं. दुसऱ्या दिवशी तिने पदरात मीठ बांधून आणलं आणि बायकांच्या पाण्याच्या हंड्यात टाकलं. "कामाला आलात का पन्हं प्यायला?" म्हणत मुकादमाने हंडा उपडा केला. अनसाबाईने तो रिकामा हंडा उचलला, त्याच्या खुर्चीवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "भरून आन." चाळीस बायका बघत होत्या. त्याने आणला.

तिच्या हाताखाली शेवंता नावाची तळेगावाकडची मुलगी होती. विशीची, आठवा महिना लागलेला. एका दुपारी ती पोट धरून दवाखान्यात आली. डॉक्टर खुर्चीवरून उठले नाहीत. "पेटके आहेत. मीठपाणी द्या आणि पाठवा." मी बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली. पोटावर हात ठेवला असता तर समजलं असतं. मी पेला दिला आणि पाठवलं.

अर्ध्या तासात अनसाबाई दारातून आली ती माझं मनगट धरून मला ओढतच घेऊन गेली. चुन्याच्या ढिगामागे बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला होता. तिने माझा तळवा शेवंताच्या पोटावर दाबला. "बघ. आली. गेली. आता परत आली. ह्याला पेटका म्हनत्यात व्हय गं? तू शिकलीयास ना?"

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. थोडा वेळ श्वास चालला, मग थांबला. मी तोंडाने फुंकर घालत राहिले. शेवंताची शुद्ध हरपली होती.

अनसाबाई तशाच माखलेल्या हातांनी डॉक्टरांसमोर उभी राहिली. ते म्हणाले, "मुदतीआधीचं होतं. जगलं नसतंच."

"त्ये देव जानं. तू उठला न्हाईस, येवढं बोल."

दुसऱ्या दिवसापासून एकाही बाईने घमेलं उचललं नाही. चौथ्या दिवशी ठेकेदार नमला. बायकांना सावली, मीठपाणी, पेटके आले तर गवंड्यांसारखी रजा, आणि गरोदर बाईला ओझं नाही. त्याच संध्याकाळी अनसाबाईला कामावरून काढलं. डॉक्टर राहिले. मीही राहिले, हे लिहिताना आजही माझा मला संताप येतो.

महिन्याने मी माफी मागायला थेरगावला गेले. ती गोवऱ्या थापत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्याकडं कशाला आलीस? माझं काय गेलं?" मग हात धुतले, पदर खोचला. "चल. एकटीला जमायचं न्हाई तुला."

आम्ही गाडीने तळेगावला गेलो. शेवंता माहेरी होती. मी पाठ करून आणलेली वाक्यं म्हणायच्या आत तिनेच विचारलं, "बाई, ती रडली का? मला आठवत न्हाई. घरात कुनी इषयच काढू देत न्हाई."

"रडली," मी म्हटलं. "एकदाच. बारीक आवाजात."

शेवंताने डोळे मिटले. अनसाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

परतताना चिंचवडला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. मी धीर करून विचारलं, "अनसाबाई, राग गेला का तुमचा?"

"न्हाई," ती म्हणाली. "आन् तुजाबी जाऊ देऊ नगस. अजून लई बायका येतील तुझ्याकडं."

आणि थेरगावच्या वाटेला लागली.