लाल रंग शेवटी

दहा मार्चला, येत्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरचा साडेअकरा लाखांचा अंदाजी खर्च पुढे ठेवून आम्ही तिघे बसलो होतो: टॉवेल कारखान्याचे मालक, डाईंगचे, म्हणजे रंगाई खात्याचे, मास्तर आणि हिशेब पाहणारा मी. एवढा खर्च नको, उन्हाळाभर डाईंग बंद ठेवू, असे मालकांच्या मनात होते. म्हणजे तिथली तीस माणसे घरी बसणार, आणि ते त्यांना मी सांगायचे.

एप्रिलपासूनच्या नव्या आर्थिक वर्षाच्या योजनेत विक्रीसोबत पाणीबचतीचेही उद्दिष्ट घालू, असे मी सुचवले. आमच्याकडे रोजचा पहिला लॉट लाल रंगाचा असे; मालकांच्या वडिलांपासूनचा शकुन. मग फिका माल घेण्याआधी मशीन चारचारदा धुवावे लागे.

"फिका आधी घेऊ, लाल शेवटी," मी म्हणालो.

"अहो, अन् शकुनाचं काय?" मालकांनी विचारले.

मास्तर हसले. "मालक, कुंकू मशीनला लावा की! टॉवेलला कशाला?"

मालकही हसले आणि त्यांनी योजनेवर सही केली.

फिक्या लॉटचे धुण्याचे पाणी आम्ही गडद लॉटला वापरू लागलो. डाईंग उन्हाळ्यात एक दिवसही थांबले नाही. जूनमध्ये माझ्या जिवात जीव आला. टँकरवाल्याला एकूण तीन लाख वीस हजार दिले, आणि तीसही जणांना मे महिन्याचा पूर्ण पगार.